मॅगझिन सफाईचा ठराव

शांती नगरातल्या आमच्या 'नवकिरण' सहकारी गृहनिर्माण संस्थेने गेल्या जूनमध्ये गेटवर पिस्तूलधारी सुरक्षारक्षक नेमला. कारण गंभीर होतं. समोरच्या सोसायटीने नेमला होता.

चोरीला जाण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नव्हतं. मागच्या पाच वर्षांत दोन सायकली, एक पायपुसणं आणि तुळशीची एक कुंडी, एवढाच ऐवज गेल्याची नोंद आहे. पण गार्ड आल्यापासून महिन्याभरात आमच्या इमारतीतल्या दोन मुलांच्या लग्नाच्या बायोडेटात 'निवासस्थानास सशस्त्र संरक्षण' अशी ओळ छापून आली, यावरून निर्णय योग्य होता हे सिद्ध होतं.

गार्डचं नाव हरिश्चंद्र म्हात्रे. इथल्याच जुन्या गावचा माणूस. सतरा वर्षं फौजेत होता. पिस्तूल त्याचं स्वतःचं, परवानाही त्याच्याच नावाचा. आमची सोसायटी उभी आहे त्या जागेवर त्याच्या आजोबांचं मीठ वाळायचं, हे त्याने मुलाखतीत सांगितलं नाही, म्हणून त्याची निवड झाली.

पहिल्याच रविवारी तो केबिनबाहेर स्टूल टाकून बसला. पिस्तुलात गोळ्या भरायची जी सपाट लोखंडी डबी असते, तिला मॅगझिन म्हणतात. ती त्याने बाहेर काढली, गोळ्या बाजूला ठेवल्या, बूड सरकवून आतली स्प्रिंग काढली आणि कोरड्या फडक्याने एकेक भाग पुसायला घेतला. दुसऱ्या मजल्यावरून हंसाबेन मिरच्या वाळत घालता घालता हे बघत होत्या. त्यांनी तडक सेक्रेटरी शशिकांत नाडकर्णींना फोन लावला.

"सेक्रेटरीसाहेब, तुमचा गार्ड बंदूक खोलके बैठा छे. अंदर से स्प्रिंग निकली. बॉलपेन जैसी."

नाडकर्णींनी सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात बत्तीस वर्षं काढली होती. त्यांनी म्हात्रेला ऑफिसात बोलावून घेतलं.

"म्हात्रे, काय चाललं होतं?"

"मॅगझिन साफ करत होतो, साहेब."

"कोणाच्या परवानगीने?"

फौजेतल्या सतरा वर्षांत हा प्रश्न म्हात्रेला शत्रूनेही विचारला नव्हता.

"बरं, हे किती दिवसांनी करायचं असतं?"

"महिन्यातनं एकदा. इथली हवा खारी हाय, लोखंडाला गंज धरतो. गोळी झाडली तर त्याच दिवशी. मातीत, पाण्यात पडली तर तिथल्या तिथं. पाच मिनिटांचं काम हाय. कोरडं फडकं लागतं. तेल उगाच ओतायचं न्हाय, धूळ चिकटते."

उत्तर संपूर्ण होतं. त्यामुळे ते कमिटीच्या काही उपयोगाचं नव्हतं. विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आला.

सभेत खजिनदार यतीनभाईंनी तुलनात्मक तक्ता मांडला. "देखो ना, टाकीतलं पाणी आपण रोज पितो, तरी टाकी सहा महिन्यांनी धुतो. मॅगझिन कोण पितं? मग त्याला दर महिन्याला कशाला पाहिजे?"

युक्तिवाद वहीत उतरवून घेण्यात आला. ठराव क्रमांक सात संमत झाला: 'मॅगझिनची सफाई वर्षातून एकदा, दसऱ्याच्या दिवशी, लिफ्ट व पंप यांच्या पूजेसोबत करण्यात यावी.' मधल्या काळात कोणी परस्पर सफाई करू नये म्हणून मॅगझिन पिस्तुलात घालून मुठीभोवती चिकटपट्टी गुंडाळण्यात आली आणि तिच्यावर अध्यक्षांसह तिन्ही पदाधिकाऱ्यांनी सह्या केल्या.

"आणि साहेब, चोर आला तर?" म्हात्रेने विचारलं.

"तर लेखी अर्ज द्या," नाडकर्णी म्हणाले.

दसरा थाटात झाला. आधी लिफ्टची पूजा झाली, मग पंपाची, मग मीटरच्या खोलीची. शेवटी चिकटपट्टी कापण्यात आली. म्हात्रेने गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि रिकामं मॅगझिन पाटावर ठेवलं. चौसष्ट फ्लॅटांतून चौसष्ट जणींनी येऊन हळदकुंकू वाहिलं. कोणी फूल ठेवलं, कोणी तुपाचं बोट लावलं, कोणी गंगाजल शिंपडलं. हंसाबेननी तोंड गोड करायचं म्हणून वरच्या फटीला पेढा लावला आणि तो आत जावा म्हणून अंगठ्याने दाबला.

"ताई, आत तांदूळ गेले," म्हात्रे म्हणाला.

"तांदूळ नहीं, अक्षता बोलो."

"अक्षता गेल्या."

"तो अच्छा हुआ ना."

त्याने फडकं काढलं तेव्हा बायकांनी त्याला तिथेच थांबवलं. पूजेवरचं पुसतात का? मॅगझिन आहे तसं पिस्तुलात घालण्यात आलं, नवी चिकटपट्टी, नव्या सह्या. देखभालीच्या वहीत नोंद झाली: 'मॅगझिन. वार्षिक सफाई पूर्ण. स्थिती: प्रसन्न.'

डिसेंबरात म्हात्रे अर्ज घेऊन नाडकर्णींकडे आला. तोवर पिस्तुलाच्या मुठीतून मुंग्यांची रांग सुरू झाली होती. ती केबिनच्या भिंतीवरून नोटीसबोर्डापर्यंत जायची.

"परवान्याचं नूतनीकरण हाय, साहेब. सोमवारी हत्यार पोलिसांना दाखवायचंय. मॅगझिन आत गंजून बसलंय, पट्टीवरनं दाबलं तरी हलत न्हाय. असंच नेलं तर परवाना अडकेल. परवाना गेला तर मला कोण ठेवतंय? त्रेपन्न वय हाय माझं."

नाडकर्णींनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. "वय अर्जात लिहिलेलं नाही."

म्हात्रेने वय लिहिलं. अर्ज आवक झाला.

शनिवारी तातडीची सभा बोलावण्यात आली. गणपूर्ती न झाल्याने ती अर्धा तास तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्या सभासदांना ठाऊक असल्यामुळे तहकूब सभेलाही कोणी आलं नाही. उपस्थित तिघांनी तीन कोटेशनं तपासली: शिलाई मशीन दुरुस्त करणारा, गिझरवाला आणि पेस्ट कंट्रोल. मशीनवाला म्हणाला, सुई कुठे आहे ते दाखवा. गिझरवाल्याला भीती वाटली. पेस्ट कंट्रोलवाल्याने मात्र मुंग्या बघितल्या, मुठीच्या फटीत जेल भरलं आणि तीन महिने इथे पाणी, फडकं काही लावायचं नाही, नाहीतर वॉरंटी जाईल, असं सांगून गेला.

"साहेब, मग सोमवारचं काय?" दाराशी उभ्या म्हात्रेने विचारलं.

"वॉरंटी मार्चपर्यंत आहे," यतीनभाई म्हणाले. "एप्रिल में बैठ के बात करेंगे."

रविवारी सकाळी म्हात्रेने स्टूल टाकलं, चिकटपट्टी कापली आणि पाच मिनिटांचं काम करायला घेतलं. त्याला सव्वादोन तास लागले. गंज, हळद, पेढा, जेल, मुंग्या आणि बावीस अक्षता निघाल्या. सोमवारी पोलिसांनी हत्यार पाहिलं, खटका ओढून बघितला, मॅगझिन काढून परत बसवलं आणि "चांगलं ठेवलंय" म्हणाले. परवान्याचं काम झालं.

मंगळवारी त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. अनधिकृतपणे सील तोडणे, सामूहिक पूजेचा अवमान, आणि संस्थेच्या वॉरंटीचे नुकसान.

"पण मॅगझिन चालू झालं ना, साहेब."

"म्हात्रे, ते चालतं की नाही हा विषय कधीच नव्हता," नाडकर्णी शांतपणे म्हणाले. "सील शाबूत आहे की नाही, हा विषय होता."

म्हात्रे गेला. जाताना स्टूल घेऊन गेला, कारण ते त्याचंच होतं. यतीनभाईंनी ते मालमत्तेच्या यादीत आधी तपासून घेतलं.

आता एजन्सीचा गार्ड आहे. त्याच्या कमरेला चामड्याचं पाकीट आहे आणि पाकिटात लाकडाचा ठोकळा. बाहेरून अगदी पिस्तूल वाटतं. सफाई लागत नाही. परवाना लागत नाही. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बघून गेले आणि त्यांनीही त्याच मापाचा ठोकळा मागवला आहे.

म्हात्रेला काढण्याची नोटीस रीतसर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. बावन्न ओळींची होती. त्यात पहिल्यापासून सगळी हकीकत होती, त्याच्या बाजूचं म्हणणंही होतं, आणि कोणाची हरकत असल्यास चोवीस तासांत कळवावी असं शेवटी स्पष्ट लिहिलं होतं. हरकत आली नाही. पहिल्या चार मिनिटांत एकसष्ट अंगठे आले.

नाडकर्णींनी त्या अंगठ्यांची यादी छापून इतिवृत्ताला जोडली आहे. सतराव्या क्रमांकावर तुमचं नाव आहे. अंगठा तुम्ही नोटीस आल्यानंतर नवव्या सेकंदाला दिलात.