साखळी कारखान्याची ऊब

आमच्या उस्त-लोगवा गावात थंडी नगरपालिकेच्या आदेशाने पडते. ओसरीवरच्या बादलीतलं पाणी गोठलं, नदीच्या कडेला बर्फ धरला, तरी पालिकेचा कागद निघेपर्यंत शरद ऋतूच चालू आहे असं मानायचं असतं, आणि घरातले रेडिएटर गार राहतात. कागद निघाला की उलट. रेडिएटर इतके तापतात, आणि ते कमी करायची सोय इतकी नसते, की भर बर्फात खिडक्या उघड्या टाकून बसावं लागतं. याला आमच्याकडे सुव्यवस्था म्हणतात. मी जन्मभर तिचा आदर करत आले.

माझा नवरा झाखार साखळी कारखान्यात लोहार होता. भट्टीचा सगळा धूर त्याने छातीत साठवून आणला आणि म्हातारपणी अंथरूण धरलं. डॉक्टरीण बाई सरळ म्हणाल्या, "कापितोलिना स्तेपानोव्हना, यांना औषध एकच. ऊब. गारठा लागू देऊ नका, म्हणजे वसंत बघतील." तेव्हापासून आमच्या घरात कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीपेक्षा खिडकीखालच्या रेडिएटरकडे जास्त आशेने बघितलं जाई.

ही ऊब कारखान्यातून येई. आमच्याकडे आधी कारखाना आला, मग गाव. जुन्या झारच्या काळात कुणा व्यापाऱ्याने लोगवा नदीला बांध घातला आणि ती जिथे कामा नदीला मिळते तिथे मालाच्या बोटींसाठी साखळदंड घडवायला सुरुवात केली. मग कामगारांच्या चाळी आल्या, मग दारूचा गुत्ता, आणि सगळ्यात शेवटी चर्च. पुढे राज्यं बदलली. प्रत्येक राज्याने कारखान्याचं नाव बदललं, साखळी तीच राहिली. मी तिथे क्रेन चालवायची. मी वर, झाखार खाली. वरून चेहरे दिसत नसत, फक्त टोप्या दिसत. मी लग्न टोपी बघून केलं आणि फसले नाही.

कारखान्याच्या बॉयलरमधून एक जाडजूड पाइप निघून, लोखंडी पायांवर उभा राहत, गावभर फिरे. त्याच्याखाली बर्फ टिकत नसे. तिथे मांजरं झोपत, दारुडे झोपत, आणि तरुण मंडळी जागी राहत. गावातली निम्मी लग्नं त्या पाइपाखाली जमली. मग नदीवरच्या बोटी संपल्या, साखळीला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि कारखान्यात एक संचालक, एक पहारेकरी आणि बॉयलर एवढंच शिल्लक राहिलं. बॉयलर चालू राहिला, कारण तो बंद करायची आठवण कुणाला झाली नाही.

गेल्याच्या आदल्या शरदात ती आठवण झाली. प्रांताच्या राजधानीतून पत्र आलं. नगरप्रमुख विताली अर्सेन्येविच यांनी ते संस्कृती भवनात उभं राहून वाचून दाखवलं. गॅस फक्त उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना मिळेल. नागरिकांच्या घरात जी येते ती 'उत्पादनातून उद्भवणारी उप-उष्णता' आहे. उत्पादन नसेल तर उप-उष्णता उद्भवू शकत नाही, आणि तरीही उद्भवत असेल तर ती बेकायदा आहे.

"म्हणजे साहेब, आमचे रेडिएटर बंद?" रिम्माने विचारलं. ही माझी शेजारीण. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या तिच्या मुलीला नुकतंच बाळ झालं होतं.

"बंद का होतील? कारखाना चालू असल्याचं आपण सिद्ध करू."

"पण तो चालू कुठाय?"

"रिम्मा मावशी, मी सिद्ध करू म्हणालो. चालू करू असं कुठे म्हणालो?"

सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. झाखारच्या छातीचा प्रश्न होता.

पहिल्यांदा भोंगा सुरू झाला. इतक्या वर्षांनी तो ऐकून गावातल्या म्हाताऱ्या रडल्या आणि कुत्री पळून गेली. मग राजधानीने विचारलं, कामगार कुठे आहेत? तेव्हा आम्हा सगळ्या चालत्या-फिरत्या निवृत्तांना पुन्हा कामावर घेण्यात आलं. प्रत्येकाला कार्ड मिळालं. ते फाटकावरच्या पेटीला टेकवायचं, पेटी टिंग म्हणायची, की झाली हजेरी. आम्ही सकाळी टिंग करून आत जायचो आणि मागच्या दाराने बाहेर पडून बटाटे उकडायला घरी यायचो.

हे फार दिवस चाललं नाही. राजधानीतल्या यंत्राला आढळलं की उस्त-लोगवाचा कामगार आत जाताच नाहीसा होतो. आदेश निघाला की पाळीभर आत राहायचं. शिवाय ज्या इमारतीची हजेरी कमी पडेल, त्या इमारतीची पाइपावरची झडप बंद होईल.

तेव्हा आम्ही बसलो. मोठ्या हॉलमध्ये, जाड लोकरी नमद्याचे बूट घालून, कानटोप्या ओढून. माझी नेमणूक क्रेनवरच झाली. क्रेन भंगारात गेलेली असल्यामुळे ती पूर्वी जिथे होती त्याच्या बरोबर खाली मला खुर्ची दिली. हॉलच्या फुटक्या काचांतून कामा नदीवरचा वारा थेट आत येई.

"साहेब, बॉयलर भिंतीपलीकडेच आहे," मी म्हणाले. "एखादा रेडिएटर इथेही लावा की."

विताली अर्सेन्येविचना माझी कीव आली. "मावशी, उष्णता कारखान्यानेच वापरली तर ती उप-उष्णता राहील का? ती मुख्य होईल. आणि मुख्य उष्णता आपल्याला मंजूर नाही."

अशा रीतीने आमची रिकामी घरं दिवसभर ऊबदार राहावीत म्हणून आम्ही दिवसभर गोठत बसू लागलो. त्यातल्या त्यात माझं घर रिकामं नव्हतं, एवढं मला समाधान होतं.

मग राजधानीने माल मागितला. संस्कृती भवनासमोर स्मारक म्हणून जुना साखळदंड ठेवलेला होता. तो रोज सकाळी गावाकडच्या फाटकातून भंगार म्हणून आत येऊ लागला आणि दुपारी नदीकडच्या फाटकातून तयार माल म्हणून बाहेर जाऊ लागला. रिम्माचा जावई तो ट्रॅक्टरने ओढून वळसा घालून परत आणी. वर्तमानपत्रात आमच्या पुनरुज्जीवनाचा लेख आला. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या तिमाहीत वाढ दाखवण्याचा हुकूम सुटला. साखळदंड दोन फेऱ्या करू लागला. माणसं आणखी लागली. दुकानवाल्या बायका आल्या, न्हावी आला, संगीताच्या बाई अकॉर्डियन घेऊन आल्या. गावात पाव विकायला कुणी राहिलं नाही, पण रोजगार पूर्ण झाला.

शेवटी झाखारची पाळी आली.

"साहेब, तो उठू शकत नाही हो."

"उठायला कुणी सांगितलंय? यायला सांगितलंय. मावशी, तुमच्या इमारतीची हजेरी एका माणसाने कमी पडतेय."

रिम्माने मुलीच्या खिडकीकडे बघितलं. तिथे काचेआड बाळाचे कपडे वाळत होते.

झाखारला आम्ही पलंगासकट बर्फगाडीवर घालून नेलं. त्याने स्वतःच्या हाताने कार्ड टेकवलं. टिंग. हॉलमध्ये पोचल्यापासून तो खोकत होता. घरी रेडिएटर रसरसून तापला होता आणि त्यावर आमचं मांजर पाय ताणून झोपलं होतं.

झाखार मला लाडाने कापा म्हणे. आठवडाभर हॉलमध्येच पडून राहिल्यावर तो मानेने खूण करून म्हणाला, "कापा, ती भट्टी गार का?"

"उत्पादन चालू आहे म्हणून."

"असं होय," तो म्हणाला. "रिम्माच्या जावयाला बोलाव. त्या मागच्या खोलीत कोळसा असणार. घर गोठू नये म्हणून एवढी खटपट, पण गोठतोय तो मीच ना?"

मोडक्या पेट्या फोडून भट्टी पेटवली. हळूहळू हॉल तापला. लोकांनी टोप्या काढल्या आणि किती तरी दिवसांनी मला माझ्या गावाची डोकी दिसली. ऐरण मोकळी केली. न्हाव्याने घण उचलला. झाखार पलंगावरून ओरडत होता, "अरे, कडी वाकवतोयस की पिरोगच्या पारीची कड मुडपतोयस? दे जोरात! लोखंड तुझं गिऱ्हाईक नाही, रागावणार नाही ते!" संगीताच्या बाई हसताहसता कोळशाच्या ढिगावर बसल्या. दुपारी एक कडी तयार झाली, लाल, जाड, जराशी वाकडी. त्या दिवशी झाखार खोकला नाही. वाटीभर कोबीचं सूप प्यायला आणि मला म्हणाला, "टोपी कशी दिसतेय?"

दुसऱ्या दिवशी राजधानीहून निरीक्षक स्नेझाना इगोरेव्हना आल्या. त्या आमच्या कारखान्याला आदर्श ठरवायला आल्या होत्या. हजेरी बघून खूश झाल्या, साखळदंडाच्या फेऱ्या बघून खूश झाल्या. मग ऐरणीपाशी थांबल्या.

"हे काय आहे?"

"कडी," झाखार म्हणाला.

"कुठून आली?"

"आम्ही बनवली."

बाईंचा चेहरा पडला. "विताली अर्सेन्येविच, हे किती दिवस चालू आहे?"

"कालच, मॅडम! फक्त कालच! माझ्या नकळत!"

"तुमच्या मंजूर आराखड्यात उत्पादन आहे," बाई सावकाश म्हणाल्या, जणू लहान मुलांना समजावत होत्या. "त्यात वस्तू कुठेच नाही. आग तर नाहीच."

भट्टीला सील ठोकलं. कडी जप्त करून संग्रहालयात ठेवली. तिथे तिच्याखाली 'झारकालीन कारागिरीचा नमुना' अशी पाटी आहे. ती बघायला शाळेच्या सहली जातात.

झाखारवर मात्र कारवाई झाली नाही. इतकी सलग हजेरी कुणाचीच नव्हती, कारण इतर माणसं निदान झोपायला घरी जात. त्याला न्यायचं-आणायचं कोण, म्हणून तो तिथेच असे, आणि मीही. त्याचा फोटो मानाच्या फलकावर लागला. फलकासमोरच, पाळी सुटायच्या जरा आधी, एका गारठलेल्या दुपारी तो गेला.

विताली अर्सेन्येविचनी टोपी काढली. ते खरोखर हळहळले. मग माझ्याजवळ वाकून म्हणाले, "मावशी, मृत्यूची नोंद करायची का? तुमचा हक्क आहे. फक्त... इमारतीची हजेरी..."

रिम्मा शेजारीच उभी होती. बाळाला दात येत होते, हे मला माहीत होतं.

झाखारला आम्ही नदीवरच्या टेकाडावर पुरलं. पुरताना भोंगा वाजवला नाही, कारण ती पाळीची वेळ नव्हती. त्याचं कार्ड माझ्या खिशात आहे. रोज सकाळी मी माझं टेकवते, टिंग, मग त्याचं टेकवते, टिंग. झडप उघडी आहे. वर्षअखेरीस झाखारला प्रांतातला उत्कृष्ट कामगार ठरवण्यात आलं. बक्षीस म्हणून विजेचा हीटर मिळाला, त्यावर लिहिलं होतं, 'घरी वापरण्यासाठी'.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या, दूरच्या गावाचं येतंच. पण रोज सकाळी तुम्हीही कुठल्याशा दाराशी थांबता, आणि तिथेही टिंग वाजतं. दिवसभर काहीतरी एका फाटकातून आत येतं, दुसऱ्या फाटकातून बाहेर जातं, आणि घरी रिकाम्या खोल्या तुमच्यासाठी ऊबदार राहतात. उद्या ते टिंग वाजेल तेव्हा एक करा. कार्ड धरलेल्या हाताकडे नीट बघा, तो तुमचाच आहे का.