हेमलताबाईंचा छर्रा

हेमलता उकिडवे यांनी मार्गशीर्षात झाडलेला छर्रा चैत्र उजाडला तरी टार्गेटपर्यंत पोचला नव्हता.

कराडच्या रायफल क्लबात याचा कुणी बाऊ केला नाही. एखादा छर्रा रमतगमत जातो, त्याला काय करणार? पंचाईत एवढीच, की छर्रा हवेत आहे तोवर नेमबाजाची पाळी संपत नाही, आणि पाळी संपल्याशिवाय दुसरी मिळत नाही. बाई दर रविवारी यायच्या, छर्रा कुठवर आला ते पाहायच्या आणि बाकावर बसून राहायच्या.

बाईंचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी कानात. निवृत्तीनंतर भाचीसोबत सहज म्हणून इथं आल्या आणि एअर रायफल खांद्याला लावली. श्वास अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा. तेवढ्यात सगळं गप्प होतं हो! गुडघा गप्प, सून गप्प, एक्स्चेंजमधलं ते हॅलो हॅलो गप्प. समोर फक्त एक काळा ठिपका. या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं?

क्लबाची एक रीत होती. छर्रा सुटला की टार्गेटकडे न बघता आपला आकडा आधी सांगायचा. त्या दिवशी बाईंनी ठामपणे सांगितलं होतं, “दहा.” दहा म्हणजे ठिपक्याच्या अगदी मधोमध. तोवर त्यांचा दहा कधी लागला नव्हता.

आता टार्गेट दोन वीत राहिलं होतं आणि छर्रा डावीकडे कलला होता. क्लबाचे सेक्रेटरी बाबर सर, निवृत्त पीटी मास्तर, छर्ऱ्यापासून टार्गेटपर्यंत दोरा धरून बघत होते. आठ लागेल, फार तर नऊ, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी नियमातली वाट सांगितली. छर्रा हातानं काढून घेता येतो. मात्र तो झाडलाच नव्हता असं धरायचं. बाईंना आत्ताच्या आत्ता नवी पाळी.

रायफल समोरच टेकवलेली होती. सरांनी चिमूट पुढे केली.

“सर, हात लावू नका त्याला,” बाई म्हणाल्या. “मला नेम धरायचाय. स्वप्नातसुद्धा धरते मी. पण तो झाडलाच नाही म्हटलं, तर तेव्हा जे गप्प झालं होतं ते झालंच नाही म्हणावं लागेल. ते कसं म्हणू?”

“आठ लागला तर?”

“लागू दे. माझाच आहे ना?”

सरांनी हात मागे घेतला. थोडा विचार केला, वर छताकडे पाहिलं आणि जाऊन पंखा बंद केला. म्हणाले, पंख्याचा वाराच त्याला डावीकडे ओढत असणार.

चैत्रातली दुपार. पत्र्याखाली सगळे घामानं निथळत होते, पण पंखा का बंद म्हणून कुणी विचारलं नाही. शेजारच्या लेनवर एकीनं श्वास अर्धा सोडला, अर्धा धरला. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. हात नुसते शिवशिवत होते. त्यांनी दोन्ही तळवे मांडीखाली घेतले आणि गच्च दाबून धरले.