पाय बघणारे केरबातात्या

आमच्या कळस गावात कुणी नवा माणूस आला की आम्ही त्याला ‘रामराम’ म्हणायचो. माझे शेजारी केरबातात्या म्हणायचे, ‘पाय बघू!’ समोरच्याचं तोंड हसतंय की रडतंय, त्यांना पत्ता नसे. पण तळव्यात बाभळीचा काटा असला तर तो त्यांना दिसलाच म्हणून समजा. भर बाजारात माणसाला खाली बसवून सुईनं काटा काढायचे, वर शिव्या फुकट.

‘मातीत बुरशी हाय, बाबा!’ हे त्यांचं रोजचं कीर्तन. पुण्याच्या इस्पितळात कुणा गोऱ्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं. काट्याबरोबर बुरशी आत शिरते, पाय सुजतो, भोकं पडतात, त्यातून काळे कण गळतात. हे सगळं तात्या पंगतीत सांगायचे, आणि तेही नेमकी खीर वाढताना! पायताण काढावं लागेल म्हणून देवळातही जात नसत. पायरीखालूनच हात जोडायचे. ‘देवाला हितनंबी दिसतो मी.’

गाव हसायचं. हसणारच! आमच्या गावाची अब्रू भारी नाजूक. सुनेनं सासऱ्यासमोर पायताण घातलं की लगेच जायची. पाय सडला तर मात्र नशिबाचा दोष.

मग तात्यांच्या महादूचं लग्न झालं. शेळगावची सून घेऊन गाडी दाराशी आली. बघतो तर तात्या नवं कोरं पायताण घेऊन गाडीपुढं उभे! पोरगी लाजून पाय आखडून बसली. व्याही भडकले, ‘सासऱ्यापुढं पायताण? आमच्या पोरीला वळण न्हाय असं दावायचं हाय का? गाडी फिरवा!’

मी तात्यांचा हात ओढला. ‘अवो तात्या, सून दारातनं माघारी जाईल. आवरा की!’

तात्या ऐकतायत कशाला? धुळीत बसले आणि सुनेचा पाय हातात घेतला. सासऱ्यानं! बायकांनी तोंडाला पदर लावले.

तेवढ्यात उंबऱ्याजवळून आवाज आला. तात्यांची बायको सोनाबाई तिथं भिंतीला टेकून बसली होती. तिचा एक पाय पुण्याच्या त्याच इस्पितळात गुडघ्याखाली कापला होता.

‘घाल, पोरी. माझ्या सासऱ्यापुढं मी जल्मभर अनवाणी हिंडले. काटा भरला, पाय कुजला. तवा ह्यांची जीभ उचलली न्हाय.’

‘न्हाय उचलली,’ तात्या म्हणाले. ‘बापाला भ्यालो मी.’

व्याही गाडीतून खाली उतरले. पायताण चढलं, तरी तात्यांची मान काही वर येईना. आणि ते उठेपर्यंत त्या पोरीनं पाय हलवला नाही.