कौसाबाईंनी टोचलेला जिल्हा

कुणाची ओळख करून दिली की आपण समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. कौसाबाई भालेराव डाव्या दंडाकडे बघायच्या. बाई असो, पुरुष असो, कचेरीतला साहेब असो, "बाही वर कर" म्हणायला त्यांना कसलाही संकोच वाटत नसे. दंडावर लहानपणीच्या लसीचा तो गोल, सुरकुतलेला डाग दिसला की त्यावर अंगठा फिरवून त्या निकाल द्यायच्या. "ह्यो माझा." किंवा, "ही सुई दुसरीची हाय."

माझी सुई दुसरीची निघाली. "तिरपी गेल्ती," त्या म्हणाल्या, "घाई झाली आसंल बाईला."

कौसाबाई सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. तीसेक वर्षं त्यांनी परभणी जिल्ह्यातली गावं पालथी घातली. खांद्याला लसीचा डबा, डब्यात बर्फ, पायात रबरी चपला. आम्ही परभणीत त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्या निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा वारलेला, मुलगा सुभाष पुण्यात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. "मला काय झालं तर ह्याला कळवायचं. त्याच्या आधी कळवायचं न्हाई. कामात ऱ्हातो त्यो."

माझा नवरा गंगाखेडला साखर कारखान्यात होता, आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचा. मी एका खासगी शाळेत शिकवायचे. थोरली अक्षरा नऊ वर्षांची, धाकटी मनू सहाची. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पुण्याच्या मावसबहिणीने वॉटर पार्कमधले फोटो पाठवले. झालं. घरात रडारड. मी मोबाईलवर शोधत बसले, की मुलांना कुठं न्यावं. त्याने दाखवलेल्या प्रत्येक जागेला जायला मोटार लागत होती आणि आत शिरायला तिकीट. आमच्याकडे मोटार नव्हती आणि महिन्याचा शेवटचा आठवडा होता.

भिंतीवरून कौसाबाईंचं डोकं वर आलं. "कामून रडायल्यात पोरी?"

"कुठंतरी न्या म्हणतात. या गावात न्यायचं कुठं, बाई?"

त्यांनी माझ्याकडे फार कीव करून पाहिलं. "अगं, आख्खा जिल्हा पडलाय की! उद्या ताडकळसचा बाजार हाय. भाकरी बांधून घे."

त्या दिवशी यष्टीत त्यांनी मला आपला कायदा सांगितला. यष्टीचं तिकीट काढायचं, रेल्वेच्या फलाटाचं काढायचं. "सरकारचं सरकारला. बाकी समदी आपलीच माणसं हायत."

आपली माणसं म्हणजे त्यांनी टोचलेली माणसं. ताडकळसच्या बाजारात माठ विकणारा एक दांडगा, मिशाळ गडी होता. गिऱ्हाइकावर खेकसत होता. कौसाबाई समोर उभ्या राहिल्या आणि तो एकदम शाळेतल्या पोरासारखा उठून उभा राहिला.

"ह्यो," बाईंनी माझ्या मुलींना आणि आसपासच्या पाच-पन्नास लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी आले की रांजणात लपायचा. मी वरून हात घालून टोचलं ह्याला."

"बाई, गिऱ्हाईक हाय," तो कळवळून म्हणाला.

"आसू दे. पोरींना चाक दाखीव."

त्याने दुकान भावाच्या हवाली केलं आणि आम्हाला घरी घेऊन गेला. दुपारभर माझ्या मुली चाकावर माती फिरवत होत्या. मनूने केलेली वाकडी पणती वाळली की पाठवून देतो म्हणाला, आणि खरंच पाठवली.

मग आम्ही सुटलोच. पूर्णा जंक्शनला जाऊन फलाटाच्या बाकावर बसायचं आणि गाडीचं इंजिन सुटं होऊन दुसऱ्या टोकाला कसं लागतं ते बघायचं. ड्युटी संपलेला एक गार्ड यायचा, मुलींना हिरवी झेंडी हातात धरू द्यायचा. तोही टोचलेला. गंगाखेडच्या घाटावर नावाडी टोचलेला. भीमजयंतीच्या मिरवणुकीत लेझीमवाल्या मुलींची बाई टोचलेली, कव्वालीत तबलजी टोचलेला. एकदा शेतकरी मेळाव्याला गेलो. तिथं फुकट रोपं मिळतात ही बातमी बाईंना कुठून लागली देव जाणे. मंचावर एक मोठे तज्ज्ञ तुरीवरच्या फवारणीविषयी बोलत होते. कौसाबाईंनी पहिल्या रांगेतून डोळे बारीक करून पाहिलं.

"आरं, तू बाभळीवर चढून बसला होतास न्हवं?"

तज्ज्ञ थांबले. हजारभर शेतकरी हसले. तज्ज्ञांनी हात जोडले आणि भाषणानंतर स्वतः खाली येऊन बाईंच्या पाया पडले. आम्हाला झेंडूची रोपं जरा जास्तच मिळाली.

बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. रडणं लक्षात राही. त्यांच्या मते पोरं तीन जातींची. सुई बघून रडणारी, सुई निघाल्यावर रडणारी आणि न रडता टक लावून बघणारी. "बघणाऱ्यापासून जपून ऱ्हावं," त्या मला बजावायच्या. "ते मनात ठिवतात." माझा नवरा एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे माझ्या सासूने, फोनवर माहिती पुरवली की हा लहानपणी टक लावून बघायचा. त्यानंतर कौसाबाई त्याला चहा देताना कप जरा लांबूनच पुढं करत.

आता आम्ही संभाजीनगरला असतो. घरासमोर मॉल आहे, गार हवा आहे, सरकते जिने आहेत. अक्षरा बारावीला आहे. परवा तिच्या मैत्रिणी लहानपणी कुठं कुठं फिरलो ते सांगत होत्या. कुणी विमानात बसली होती, कुणी समुद्र पाहिला होता. अक्षरा म्हणाली, "मी इंजिनाला गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागताना पाहिलंय." मैत्रिणींना काही कळलं नाही. मला मात्र पूर्णेचा तो तापलेला बाक, डब्यातलं ठेचा-भाकरीचं जेवण आणि बाईंचं "सरका, सावली सरकायलीय" हे सगळं एकदम आठवलं.

एका गावाला मात्र बाई आम्हाला नेत नसत. पूर्णेच्या पुढं नदीकाठी छोटं गाव आहे, फाल्गुनात तिथं जत्रा भरते. दरवर्षी त्या तिथं एकट्या जायच्या. दुसऱ्या वर्षी मनू त्यांच्या पदराला लोंबकळली. बाई खूप वेळ नाही म्हणत राहिल्या, मग म्हणाल्या, "चल. पन तिथं बडबड करायची न्हाई."

जत्रेत त्यांनी कुणाचाही दंड बघितला नाही. दुकानं ओलांडून थेट देवळामागं गेल्या. तिथं चार पेट्यांचा लाकडी पाळणा होता, हाताने ओढायचा. ओढणारा पस्तिशीचा माणूस खांबाला पाठ टेकून उंच स्टुलावर बसला होता. छाती आणि हात पैलवानासारखे, एक पाय काठीसारखा बारीक. शेजारी कुबडी.

"बाई आल्या!" तो ओरडला आणि पाळणा थांबवला.

मी चकित झाले, कारण कौसाबाईंनी कमरेची पिशवी काढून सगळ्यांच्या तिकिटाचे पैसे दिले. त्याने ते घेतले. मग साठी ओलांडलेल्या त्या बाई लुगडं सावरून स्वतः पेटीत बसल्या. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी दांडा धरलेला.

"नामदेव, हळू रे!"

"धरून बसा, बाई."

त्याने पाळणा हळूच फिरवला. तीन फेऱ्या झाल्यावर बाई उतरल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्ही निघालो.

फाट्यावर यष्टीची वाट बघत बसलो होतो. मुली गोड शेव खात होत्या. मी सहज विचारलं, "यालाही तुम्हीच टोचलं असेल ना?"

"न्हाई," बाई म्हणाल्या.

मग रस्त्याकडे बघतच सांगायला लागल्या.

"सुभाष पाच वर्षांचा होता. परभणीच्या उरुसाला न्हे म्हणून गळ्यात पडला. तवा माझं कसं, आज हे गाव, उद्या ते गाव. पोराला कदी कुटं न्हेलं नव्हतं. त्या दिशी ह्या गावची पाळी होती. म्हणलं, एक डाव जाऊ दे. रजा टाकली. आकाशपाळण्यात बसलो दोघं. लय हासला गं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "म्होरच्या महिन्यात हितं आले, तर नामदेवची माय त्याला मांडीवर घिऊन बसलेली. ताप यिऊन गेल्ता. पाय लुळा."

"बाई, पोलिओच्या एका डोसाने फरक पडला असताच असं नाही."

"डॉक्टर बी हेच म्हणले. त्याची माय बी हेच म्हणली."

"नामदेवला माहीत आहे?"

"त्यानं पाळणा घेतला तवाच सांगितलं मी. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणला, बाई, बसा पाळण्यात."

"आणि सुभाष? त्याला परत कुठं नेलं?"

"न्हाई. मला हुईनाच. त्यानं बी पुन्हा मागितलं न्हाई." समोरून यष्टी येताना दिसली. त्या उठल्या. "शहाणं लेकरू होतं."

आठवडाभर मला चैन पडलं नाही. शेवटी ती चिठ्ठी काढली आणि सुभाषला फोन लावला, तुमच्या आईची शेजारीण बोलतेय म्हटलं. बाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी करू दिला नसता.

"आईला काय झालं?" पलीकडून पहिलाच प्रश्न.

"काही नाही. बऱ्या आहेत. तुम्हाला एक सांगायचं होतं." आणि मी सगळं सांगितलं.



"मला वाटायचं, तिला माझ्यासोबत जायचा कंटाळा होता," तो म्हणाला. "उरूस आठवतो मला. तेवढं एकच आठवतं." मग एकदम, "ती जत्रा परत कधी असते?"

पुढच्या फाल्गुनात तो आला. चाळिशीतला, पोट सुटलेला, चष्मेवाला गृहस्थ. मोटार घेऊन आला होता, पण बाईंनी ती लिंबाखाली लावायला सांगितली. "यष्टीनं जायाचं. मोटारीतून काय दिसतंय?"

आम्ही तिघी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. मनूला सोबत जायचं होतं. तिने बरंच नाक ओढलं, पण मी तिचा हात सोडला नाही.

बाई आत चढल्या, जागा धरली. सुभाष मागून आला आणि बाहेरच्या बाजूला बसायला लागला.

"तिकडं सरक. खिडकीत बस."

"आई, तू बस ना. तुला वारा लागेल."

"मी समदं बघितलंय. तू बस म्हणलं ना."

तो मुकाट्याने खिडकीशी सरकला. ड्रायव्हरने गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. धूळ उडाली, मुलींनी हात हलवले. पण त्या दोघांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. कौसाबाई सुभाषच्या अंगावरून वाकून खिडकीबाहेर बोटाने त्याला काहीतरी दाखवत होत्या, आणि तो मान वळवून मन लावून बघत होता. त्या बाजूला उसाच्या रसाची एक बंद टपरी होती. दुसरं काही नव्हतं.