निम्म्यावर थांबलेली दीर्घिका

खट्! भर दुपारी भिंतीवरच्या बटणाचा आवाज झाला आणि पाठोपाठ लॅपटॉपच्या पंख्याची घरघर थांबली. स्वयंपाकघरात कप विसळणारी आई ओल्या हातांनीच बाहेर धावली.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली. वायर हाच त्याचा प्राण. त्यावर सकाळपासून एक दीर्घिका वाढत होती. विश्वाच्या बालपणापासून आजपर्यंत तिच्यात तारे कसे जन्मत गेले असतील, याचं मॉडेल. आईच्या याआधीच्या सगळ्या दीर्घिकांनी एकच घोळ घातला होता. तरुणपणीच सगळा वायू ताऱ्यांवर उधळायचा आणि मग जन्मभर हात चोळत बसायचं! या वेळी आईने फुटणाऱ्या ताऱ्यांचा जोर वाढवला होता, म्हणजे वायू लांब फेकला जाईल आणि पुरवून पुरवून परत येईल. थोड्याच वेळात तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना ते ऑनलाइन दाखवायचं होतं. जमलं नाही तर मॉडेल गुंडाळा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

"चिमे, बटण तू बंद केलंस?"

"हो. ताप आलाय त्याला. केवढा धापा टाकत होता!" चिमीने अभिमानाने सांगितलं. लॅपटॉपच्या कपाळावर, म्हणजे थेट कीबोर्डवर, ओल्या रुमालाची व्यवस्थित घडी होती.

"अगं बाई!" सासूबाई धावत आल्या. "ओरडू नकोस हं तिच्यावर. आत्ता वाळवते मी." त्यांनी केस वाळवायचा ड्रायर लावला. आत वॉशिंग मशीन गरगरत होतंच. दोघांचा भार काही घराला पेलला नाही. फट्! फ्यूज उडाला, इंटरनेटही गेलं.

"मी काही नाही केलं," सासूबाई ड्रायर पाठीमागे लपवत म्हणाल्या.

पण आई हटणारी नव्हती. मॉडेल अधूनमधून एक चित्र तिच्या फोनवर पाठवायचं. शेवटचं आलेलं चित्र तिने शोधलं, केस मागे सारले आणि फोनवरूनच मीटिंगला बसली.

सर चित्राकडे बघतच राहिले. "वा! म्हणजे आजही तारे जन्मतायत. जमलं की तुम्हाला!"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आई म्हणाली, "नाही सर. हे आजचं नाही. निम्माच काळ झालाय."

"मग निम्म्यावर का थांबलात?"

"ताप आला होता त्याला!" चिमीने फोनमध्ये डोकं खुपसलं.

आईने डोळे गच्च मिटून घेतले.

"तुमच्या आधीच्या दीर्घिकांचा वायू या वयात संपलेला असायचा," सर सावकाश म्हणाले. "हिच्याकडे अजून भरपूर शिल्लक आहे. पुन्हा चालवा, शेवटपर्यंत. आणि त्या डॉक्टरीणबाईंना जरा लांब ठेवा."

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड वाळला. आईने दीर्घिकेला पुन्हा पहिल्यापासून जन्माला घातलं आणि बटणावर आडवी-उभी चिकटपट्टी मारली. चिमी पहाऱ्याला बसली. बराच वेळ ती त्या पट्टीकडे बघत होती.

"आई, आपलं खरं आकाशपण असंच कुणाच्या तरी लॅपटॉपवर चालतं?"

"काय माहीत बाई!" आई टाइप करता करता हसली.

"मग त्यांच्या घरी लहान मुलगी आहे का गं?"