बैठकीच्या खोलीतलं गवत

कापलेलं गवत दोनदा उलटायचं की एकदाच, एवढाच काय तो प्रश्न होता. हेडक्लार्कांनी तो सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी निकालात काढला. एकदाच.

(त्यांना सगळे हेडक्लार्कच म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती; पण बायकोच्या माहेरच्या या छोट्या शेतावर राहायला येताना त्यांनी कपड्यांच्या आधी रबरी शिक्के बांधून घेतले होते. शेतात शिक्का कशावर मारणार होते, ते त्यांनाच ठाऊक.)

शेत म्हणजे तरी काय, एक घर, मागे गोठा, गोठ्यात दोन गाई आणि त्यापलीकडे गवताचा एक उतार. हे गवत म्हणजे दोन्ही गाईंचं पुढच्या पाच महिन्यांचं पोट. कापून दोन दिवस उन्हात पडलं होतं, आज शेवटचं ऊन दाखवून आत घ्यायचं होतं. आणि नेमकं आजच बायकोला मोठ्या बहिणीला हॉस्पिटलातून आणायला जावं लागत होतं. बहीण जिन्यावरून घसरली होती. पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून आठ दिवस विश्रांतीला इकडे येणार होती.

"नीट ऐका," निघताना बायको म्हणाली. "अकराला एकदा उलटायचं, दीडला पुन्हा. तीन वाजता मूठभर घ्यायचं आणि पिळायचं. काडी कडकन मोडली तर गोठ्याच्या माळ्यावर चढवायचं. नुसती वाकली तर नाही."

"का?"

"ओलं गवत कोंडलं की आतून तापतं. बुरशी धरते. कधीकधी पेटतंसुद्धा."

"बरं. पण किती टक्के काड्या मोडल्या म्हणजे वाळलं समजायचं?"

बायकोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यामागे एकतीस वर्षांचा अनुभव होता.

"आणि संध्याकाळी पाऊस येणार आहे, शेजारचे सुतारभावजी म्हणत होते."

"सुताराला काय कळतंय? मोबाइलवर रात्री नऊनंतर दाखवतायत. तेही वीस टक्के."

"मोबाइल तुमचा आहे. गाई माझ्या आहेत," बायको म्हणाली आणि बस गाठायला निघून गेली.

ती वळणाआड गेल्यावर हेडक्लार्क कागद-पेन्सिल घेऊन बसले. दोनदा उलटणं हा त्यांना सरळसरळ वेळेचा अपव्यय वाटला. बरोबर सव्वाबाराला, म्हणजे उन्हाच्या ऐन मध्यावर, एकदाच उलटलं तर दोन्ही बाजूंना सारखंच ऊन मिळतं. झोपेत दहा वेळा कूस बदलणाऱ्या माणसाला काय जास्त झोप लागते? या जागी त्यांनी कागदावर एक बाण काढला आणि स्वतःवर फार खूश झाले.

सव्वाबाराला अजून दोन तास होते. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी गवत ओढायचं दाताळं तपासलं. दांडा जरा हलत होता. दांड्याला खिळा हवा होता, खिळ्याला हातोडी. हातोडी सापडायला पाऊण तास लागला आणि अंगठ्यावर बसायला एक क्षण. सव्वाबाराला अंगठ्याला फडकं गुंडाळून हेडक्लार्क शेतात उतरले तेव्हा दांडा पूर्वीपेक्षा जास्त हलत होता.

गवताच्या चौदा ओळी होत्या. खिडकीतून त्या चौदाच वाटत. तिसऱ्या ओळीला हेडक्लार्कांना उताराला चढही असतो हे समजलं. पाचवीला पाठीत असे काही स्नायू आहेत याचा शोध लागला, ज्यांचा सरकारी नोकरीत कधी संबंधच आला नव्हता. सातव्या ओळीनंतर, उरलेल्या सात ओळींचा विचार जेवणानंतर करावा असं सर्वानुमते ठरलं. (सभेला ते एकटेच हजर होते.)

जेवण झालं. मग पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून ते सोफ्यावर आडवे झाले.

"हेडक्लार्क! ओ हेडक्लार्क! आहात की गेलात?"

ते दचकून उठले. कुंपणापलीकडे सुतार उभा होता. शेजारच्या या माणसाचा आवाज करवतीशी बोलून बोलून तसाच झाला होता. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पश्चिमेचं आभाळ हेडक्लार्कांच्या अंगठ्यासारखं काळंनिळं झालं होतं.

"मोबाइलवर तर नऊ..." हेडक्लार्क पुटपुटले.

"मग मोबाइल धरा डोक्यावर!" सुतार म्हणाला आणि कुंपण ओलांडून आला.

हेडक्लार्कांनी धावत जाऊन मूठभर गवत उचललं आणि पिळलं. मोडलं! आनंदाने दहाव्या ओळीतलं पिळलं. वाकलं. उलटलेल्या सात ओळी मोडत होत्या, न उलटलेल्या सात वाकत होत्या. त्यांनी लगेच बायकोला फोन लावला.

"हॅलो, अगं, समज, नुसतं समज हं, की काही काड्या मोडतायत आणि काही वाकतायत..."

"दीडला उलटलं नाहीत ना?"

"तो मुद्दा वेगळा आहे."

"अहो, ओलं माळ्यावर अजिबात चढवू नका! सगळंच्या सगळं उचला आणि सरळ पड..."

फोन बंद पडला. पुन्हा लावला तर लागेना. हेडक्लार्क मोबाइलकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत बायकोने त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती, आणि आज सुताराच्या देखत म्हणते, सरळ पड! तेही ते नुकतेच पडून उठलेले असताना. तिला कळलं तरी कसं?

पण मानापमानाला वेळ नव्हता. त्यांनी भराभर विचार केला. माळ्यावर नको म्हणाली. बाहेर पाऊस. शेतावर छप्पर म्हणून अजून एकच होतं.

"घरात घ्यायचं," ते म्हणाले.

"घरात?" सुतार म्हणाला. "अहो, त्यापेक्षा गोठ्याच्या..."

"वाद घालायची ही वेळ नाही!"

सुताराने आणखी एकदा तोंड उघडलं. मग हेडक्लार्कांकडे बघितलं, घराकडे बघितलं आणि तोंड मिटलं. असला योग काही रोज येत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

टोपल्या पुरेनात म्हणून चादरी आल्या. आधी जुन्या, मग नव्या, मग पाहुणीच्या पलंगावर सकाळीच अंथरलेली निळ्या फुलांची. चादरीत गवत भरायचं, गाठोडं पाठीवर घ्यायचं, धापा टाकत यायचं आणि बैठकीच्या खोलीत रितं करायचं. सोळाव्या खेपेला सोफा दिसेनासा झाला. जेवणाचं टेबल बुडालं, पाहुणीच्या खोलीतला पलंग कमरेइतका उंच झाला. शेवटचं गाठोडं दारातून आत आलं आणि मागे पहिला टपोरा थेंब पायरीवर फुटला. एक काडी म्हणून बाहेर राहिली नव्हती. हेडक्लार्क दारात उभे राहून पावसाकडे असे बघू लागले, जणू त्याचा अर्ज त्यांनी नुकताच फेटाळला होता.

इथे थांबले असते तरी बरं झालं असतं. पण गवत अर्धं ओलं होतं, आणि ओलं गवत पेटतं हे सकाळीच कानावर आलेलं. घरात गवत आणि गवतात सोफा! त्यांनी ताबडतोब सगळे पंखे पाचावर केले.

पुढची दोन मिनिटं कुणालाच काही दिसलं नाही. बाहेर होतं त्याहून मोठं वादळ घरात होतं. पंखे बंद झाले तेव्हा सुताराच्या मिशांना नवीन मिशा फुटल्या होत्या आणि हेडक्लार्कांच्या चष्म्याच्या आत, म्हणजे काच आणि डोळा यांच्या मध्ये, एक काडी आडवी बसली होती.

"वारा नको, उष्णता पाहिजे," ते म्हणाले आणि बायकोचं केस वाळवायचं यंत्र घेऊन आले. त्याने एक पेंढी वाळायला दहा मिनिटं लागली. मग त्यांनी इस्त्री काढली. मूठभर गवत, वर रुमाल, त्यावर इस्त्री. पिळून बघितलं तर कडकन मोडलं!

"बघा!" हेडक्लार्क ओरडले.

"झकास," सुतार म्हणाला. "या वेगाने पुढच्या कापणीपर्यंत होईल सगळं."

एवढ्यात कुठेतरी वीज कडाडली आणि घरातली वीज गेली. आता उरली ती नैसर्गिक हवा. हेडक्लार्कांनी सगळ्या खिडक्या आणि दोन्ही दारं सताड उघडली. हवा आली. हवेबरोबर गवताचा वास गोठ्यापर्यंत गेला, आणि थोड्या वेळाने तांबडी गाय पुढच्या दाराने, पाय पुसल्यासारखं करून, आत आली. तिने सुताराकडे ओळखीचं बघितलं, खोलीभर नजर फिरवली आणि सोफ्याच्या जागी तोंड घातलं.

"हुश्श! बाहेर! बाहेर म्हणतो ना!"

हेडक्लार्कांनी तिला पुढून ढकललं, बाजूने ढकललं. ती चार पावलं पुढेच गेली आणि टेबल व कपाट यांच्या मध्ये नीट बसली, बाटलीत बूच बसावं तशी.

"मागे घ्या, मागे!"

"गाईला रिव्हर्स नसतो, हेडक्लार्क," सुतार शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात अंगणात गाडीचा हॉर्न वाजला. सुताराला घरी गोंद उकळत ठेवल्याची आठवण झाली आणि तो मागच्या दाराने पसार झाला.

बायको छत्री मिटत दारात आली. मागे गाडीच्या ड्रायव्हरने आणि एका कुबडीने मिळून उभी केलेली तिची मोठी बहीण होती. ही बाई तीस वर्षं शाळेत हेडबाई होती. अजूनही ती खोलीत आली की हेडक्लार्क आपले हात मागे घेत.

बायकोने आत बघितलं. सोफा दिसत नव्हता. गाय दिसत होती.

"हे काय आहे?"

"गवत," हेडक्लार्क म्हणाले. (उत्तर मुद्देसूद द्यावं, ही जुनी सवय.)

"ते दिसतंय. घरात का आहे?"

"तूच म्हणालीस, माळ्यावर नको."

"मी म्हणाले सरळ पडवीत पसरा! गोठ्याची पडवी! वर पत्रा, तिन्ही बाजूंनी वारा, आख्खी रिकामी!"

"मला फक्त 'पड'पर्यंत ऐकू आलं."

"मग तुम्हाला काय वाटलं मी काय म्हणतेय?"

ते सांगणं हेडक्लार्कांना प्रशस्त वाटलं नाही.

बायकोने वाकून टेबलाखालचं मूठभर गवत घेतलं, पिळलं. मग खिडकीजवळचं. मग पायरीपासून खोलीपर्यंत नजर टाकली. तिचा आवाज जरा खाली आला.

"एकही काडी भिजू दिली नाहीत?"

"एकही नाही."

"पाठ दुखत असेल."

हेडक्लार्कांच्या घशात काहीतरी दाटून आलं. (नंतर कळलं, तीही काडीच होती.)

"पुढच्या वर्षी आधी सांगा," बायको म्हणाली. "आम्ही सामान पडवीत हलवून ठेवू."

"मला कुठे ठेवणार आहात," मागून हेडबाईंचा आवाज आला, "की मी इथेच उभ्याने वाळू?"

सगळ्यांनी मिळून त्यांना पाहुण्यांच्या खोलीत नेलं. पलंगावर गवताचा डोंगर होता. बायको तो उपसायला धावली, पण हेडबाईंना तेवढा दम नव्हता. "असू दे. टाका मला त्याच्यावर," त्या म्हणाल्या. त्यांना अलगद ठेवलं. त्या हळूहळू आत रुतल्या, प्लास्टरच्या पायाला आपसूक खळगा झाला. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून हेडक्लार्क भिंतीला चिकटून उभे राहिले.

हेडबाई घोरायला लागल्या.

गाय मागच्या दाराने पुढे पुढे काढता काढता दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बायकोने आणि सुताराने ओलं गवत पडवीत आणि वाळलेलं माळ्यावर दुपारच्या आत पोचवलं. हेडक्लार्क मदतीला आले होते, पण त्यांना फक्त मोजायला सांगितलं. पाहुण्यांच्या खोलीतलं गवत न्यायला ते गेले तेव्हा हेडबाईंनी तळहात वर केला.

"याला हात लावायचा नाही. चौदा रात्री हॉस्पिटलच्या त्या गादीवर मला डोळा लागला नव्हता. काल गोळीशिवाय झोपले. प्लास्टर निघेपर्यंत मी इथेच राहणार."

"आठ दिवस म्हणाला होतात..." हेडक्लार्क चाचरत म्हणाले.

"सहा आठवडे. फक्त हे रोज बाहेर नेऊन उन्हात पसरायचं. ताजं राहायला हवं. कोण करणार?"

बायको सुताराला चहा द्यायला स्वयंपाकघरात गेली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी हेडबाईंना खुर्चीत बसवून हेडक्लार्क पलंगावरचं गवत चादरीत भरतात, अंगणात पसरतात, खिडकीतून सूचना येतील तसं उलटतात आणि चार वाजता परत रचतात. कुंपणावरून सुतार विचारतो, "आज कुठल्या गाईचं?" आणि हेडक्लार्क खिडकीकडे बघून त्याला गप्प बसायची खूण करतात.

तिसऱ्या आठवड्यात पाठीने पार हात टेकले. हेडक्लार्कांनी रीतसर अर्ज लिहिला, विषय, संदर्भ आणि शिक्क्यासकट: दर रविवारी विश्रांतीसाठी सुट्टी मिळावी. तेहतीस वर्षं मसुदे लिहिलेला हात. अर्जात खोट काढायला जागा नव्हती. तो त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवून आत पाठवला.

संध्याकाळी कपाबरोबर अर्ज परत आला. पाच जागी लाल शाईची वर्तुळं होती, आणि खाली शेरा: 'विश्रांती हा शब्द दहा वेळा शुद्ध लिहून आणावा. मग बघू.'