पडद्यामागचा भाऊ

सफरचंदाची वाइन करावी ती मीच! द्राक्षांची काय, आमच्या मोल्दोव्हात कुणीही करतं. पण सफरचंदाचा रस भारी लहरी. त्याला ऊब लागते, लाड लागतात. बरणीच्या तोंडाला रबरी हातमोजा बांधायचा. रस आंबायला लागला की मोजा फुगतो आणि ताठ उभा राहतो. वायू निघून जावा म्हणून त्याला सुईनं भोक पाडतात. मला आपलं कुतूहल, नाहीच पाडलं तर? सुगंध आतच कोंडून राहील की! म्हणून नाहीच पाडलं.

तळघरात गारठा. म्हणून भली मोठी काचेची बरणी काठोकाठ भरून मी ती गुपचूप बैठकीच्या खोलीत, शेगडीशेजारी, पडद्याआड ठेवली. बायकोला, म्हणजे अगाफियाला, पत्ता नाही. त्या खोलीत ती मांजरालासुद्धा फिरकू देत नाही!

आणि नेमके त्याच आठवड्यात, रविवारी आमच्या मुलीला, सिल्वियाला, मागणी घालायला पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील हारितोन आणि आई मेलानिया. अगाफियानं चीज भरलेल्या गरमागरम प्लाचिंता वाढल्या. बोलणी रंगात आली होती, तेवढ्यात मेलानियाबाईंचा घास हातातच राहिला.

"पडद्यामागे कोण आहे हो?"

मी वळून पाहिलं. पातळ पडद्याआड पाच बोटं हळूहळू वर येत होती!

"कुणी नाही!"

"कुणी नाही कसं? चांगला हात दिसतोय की!"

हारितोननी भुवया चढवल्या. "हिच्यासाठी दुसरा मुलगा लपवलाय की काय घरात?"

सिल्विया लालबुंद, मुलगा पांढराफटक! खरं सांगावं तर बायको खवळणार, न सांगावं तर लग्न मोडणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा भाऊ आहे. जरा लाजाळू आहे."

"तुम्हाला भाऊ कधी झाला?" अगाफियानं विचारलं.

"बघू तरी!" हारितोन उठले. "आणि पोट बिघडलंय का हो त्याचं? केवढं गुडगुडतंय!"

"राहू द्या, त्याला एकटंच बरं वाटतं!"

"व्याह्यांसमोर कसली लाज?" म्हणत त्यांनी एका हातानं पडदा सारला आणि दुसरा हात हस्तांदोलनासाठी पुढे केला. तो थेट कलिंगडाएवढ्या मोज्यावर आदळला.

फाट्!

फेस छतावर, फेस प्लाचिंतांवर, फेस मेलानियाबाईंच्या डोक्यावरच्या नव्या रुमालावर! मोजा उडून सिल्वियाच्या मांडीत पडला. ती आधी किंचाळली, मग खो खो हसत सुटली. तिचं पाहून मुलगाही हसला, इतका की खुर्चीवरून घसरला.

हारितोन मात्र गंभीर. त्यांनी मिशी चाटली. डोळे मिटले.

"आंबट आहे," ते म्हणाले. "पण सोयरीक पक्की. लग्नात वाइन आमच्याकडची!"

निघताना मेलानियाबाईंनी रुमाल पिळला आणि मला बजावलं, "आणि हे बघा, तुमच्या त्या भावाला तेवढं लग्नाला आणू नका!"

यावर अगाफियासुद्धा हसली. माझ्याशी बोलली मात्र थेट लग्नाच्या दिवशी!